दूरचे जवळ आणणारी लेन्स

पावसाळा सरता सरता राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पाणी भरले, म्हणजे त्या पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत बसते. एकेका झाडावर अनेक घरटी, पिलांचा अखंड कलकलाट आणि अन्न घेऊन येणाऱ्या मोठ्या पक्ष्यांची ये-जा, असा तो देखावा असतो. उद्यान अवघे २९ चौरस किलोमीटरचे. त्यातून जाणाऱ्या रस्त्यावर सायकलरिक्षा थांबतात आणि प्रवासी कॅमेरे सरसावतात. जागा एक, पक्षी तेच, ऊनही तेच. पण संध्याकाळी चित्रे पाहू लागले की कोणाच्या चित्रात झाडावर पांढरे ठिपके दिसतात, तर कोणाच्या चित्रात पिलाच्या उघड्या चोचीत मासा सोडणारी आई. हा भेद पुष्कळ अंशी लेन्सचा असतो. साहजिकच परतीच्या वाटेवर हौशी छायाचित्रकाराच्या मनात एकच विचार घोळत राहतो: मोठी लेन्स घ्यावी काय, आणि घ्यावी तर कोणती?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. लांब पल्ल्याच्या बऱ्या झूम लेन्सला आज सुमारे एक लाखापासून तीन लाखांपर्यंत रुपये पडतात. नोकरदार माणसाची ती काही वर्षांची शिल्लक असते. आणि चुकीची लेन्स घरी आली, तर ती कपाटात राहते किंवा तोट्यात विकावी लागते. दुकानदार आकडा सांगतो, ४००, ५००, ६००, ८००. आणि ग्राहकाला वाटते, जितका आकडा मोठा तितकी लेन्स चांगली. म्हणून प्रथम या आकड्याचा अर्थच समजून घेतला पाहिजे.

हा आकडा म्हणजे लेन्सचे नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये मोजलेले. दूरच्या वस्तूची सेन्सरवर जी प्रतिमा पडते तिचा आकार काढण्याचे गणित शाळकरी मुलालाही जमेल असे आहे. वस्तूच्या उंचीला नाभीय अंतराने गुणावे आणि वस्तू जितकी दूर असेल त्या अंतराने भागावे. चित्रबलाक सुमारे १ मीटर उंच असतो. तो ७० मीटरांवर आहे असे धरले, तर ४०० मि.मी.च्या लेन्समधून त्याची प्रतिमा सुमारे ५.७ मि.मी. पडेल आणि ६०० मि.मी.च्या लेन्समधून ८.६ मि.मी. पूर्ण आकाराच्या सेन्सरची उंची असते २४ मि.मी.; तेव्हा पहिल्या चित्रात पक्षी चौकटीचा पाव भाग व्यापतो, दुसऱ्यात तिसऱ्या भागाहून थोडा अधिक. खंड्याच्या जातीतला छोटा धीवर पक्षी घेतला, तर त्याची लांबी १७ सेंटिमीटर. २० मीटरांवरून ६०० मि.मी.ची लेन्सही त्याची प्रतिमा ५ मि.मी.हून फारशी मोठी करू शकत नाही. लहान पक्ष्यांच्या नादी लागलेल्या माणसाला कोणताच आकडा पुरेसा का वाटत नाही, याचे उत्तर एवढ्यात मिळते.

याच गणिताला उलटे करून पाहिले, तर लेन्सचा आकडा हा वस्तुतः पावलांचा हिशेब आहे असे ध्यानात येते. ७० मीटरांवरून ६०० मि.मी.ची लेन्स जे दाखवते, तेच ४०० मि.मी.च्या लेन्सला दाखवायचे असेल, तर छायाचित्रकाराने सुमारे ४७ मीटरांपर्यंत जवळ गेले पाहिजे. मधले २३ मीटर चालण्याचे काम मोठी लेन्स करते. भरतपूरला ते २३ मीटर गुडघाभर पाण्यातून आणि पक्ष्यांच्या वसाहतीतून जातात; तेथे ती पावले टाकता येत नाहीत आणि टाकूही नयेत. उलट ५०० आणि ६०० यांतला फरक २४ मीटरांऐवजी २० मीटरांवर उभे राहण्याइतकाच, म्हणजे चार-पाच पावलांचा आहे. एवढ्यासाठी पाऊण लाख रुपये जास्त मोजावे की नाहीत, हे ज्याचे त्याने ठरवावे; पण आकड्याच्या दडपणाखाली न येता पावले मोजून ठरवावे.

दूरचे जवळ आणण्याचा हा खटाटोप जुना आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये थॉमस डॉलमायर आणि जर्मनीत ॲडॉल्फ मीथे यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, टेलिफोटो लेन्सची रचना सिद्ध केली. पुढे प्रकाश एकवटणारा भिंगांचा गट आणि मागे तो किंचित पसरवणारा दुसरा गट, अशी ही मांडणी. तिच्यामुळे नळी नाभीय अंतरापेक्षा आखूड ठेवता येते. तरीही जंगलात ती चालवणे सोपे नव्हते. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात वाघांची जी अपूर्व चित्रे घेतली, ती अशा लेन्सच्या बळावर नव्हेत. वाघाच्या वाटेवर तार आडवी बांधायची आणि तिला पाय लागताच झगझगीत उजेड पडून कॅमेरा आपोआप चालायचा, अशी त्यांची युक्ती होती; १९२७ साली त्यांचे पुस्तक निघाले. माणसाने जवळ जाण्याऐवजी कॅमेराच जवळ नेऊन ठेवायचा हा मार्ग होता. पक्ष्यांच्या बाबतीत त्या काळचा रूढ मार्ग म्हणजे घरट्याजवळ आडोसा उभारून त्यात बसणे, कारण पक्षी हमखास परत येईल असे ठिकाण घरट्यावाचून दुसरे नसते.

नाभीय अंतर हवे तसे कमी-जास्त करता येणारी झूम लेन्स स्थिर छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांसाठी १९५९ साली बाजारात आली. लांब पल्ल्याचे झूमही लवकरच निघाले. निकॉनचे २०० ते ६०० मि.मी.चे झूम १९६०च्या दशकातले. परंतु त्याचे छिद्र इतके लहान होते, की सकाळच्या उजेडात त्यातून धावणारे जनावर टिपणे अशक्यच होते. झूम म्हणजे चित्राच्या स्पष्टतेवर पाणी सोडणे, हा समज व्यावसायिकांत पुढे कित्येक वर्षे टिकला आणि तो निराधार नव्हता. १९९५ साली कॅननने हाताचे कंपन आतल्या भिंगांच्या हालचालीने शोषून घेणारी पहिली झूम लेन्स आणली. आणि २०१३ साली टॅमरॉनने १५० ते ६०० मि.मी.ची जी लेन्स जाहीर केली, तिने हौशी माणसाला परवडेल अशा किमतीत ६०० मि.मी.चा पल्ला आणून दिला. सिग्मा, निकॉन, सोनी त्याच वाटेने गेले. आज पाणथळीच्या काठावर गळ्यात लांब लेन्स अडकवून उभे असलेले जे लोक दिसतात, त्यांचा मेळा मुख्यत्वे तेव्हापासून जमला.

मात्र जुन्या झूमचा जो दोष होता, त्याचे मूळ कायम आहे. ते मूळ म्हणजे उजेड. लेन्सवर नाभीय अंतराशेजारी दुसरा आकडा लिहिलेला असतो, एफ/४ किंवा एफ/६.३, ग्राहक तो वाचतो आणि विसरतो. नाभीय अंतराला या आकड्याने भागले, की प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. ६०० मि.मी.च्या लेन्सला एफ/४ हवे असेल, तर छिद्र १५० मि.मी.चे लागते, एफ/६.३ला ९५ मि.मी. पुरते. परवडणाऱ्या झूमपैकी बहुतेकांच्या तोंडाला ९५ मि.मी.चेच फिल्टर बसते, ते याच हिशेबाने. एवढ्या व्यासाची निर्दोष भिंगे घासायची म्हटली, की लेन्सचे वजन तीन किलोवर जाते आणि किंमत दहा लाखांच्या पुढे. एफ/६.३ची लेन्स तिच्या मानाने हलकी आणि स्वस्त. पण ती एफ/४च्या मानाने अडीच पट कमी प्रकाश आत घेते.

या अडीच पटीची किंमत कोठे मोजावी लागते हे पाहायचे असेल, तर मध्य प्रदेशातील कान्हाच्या सालवनात हिवाळ्याच्या पहाटे जावे. दरवाजा उघडतो तेव्हा झाडांखाली अजून काळोख रेंगाळत असतो, आणि वाघ बहुधा त्याच वेळी वाटेवर असतो. चालत्या जनावराचे चित्र स्थिर यायला शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके तरी जलद हवे. उजेड अपुरा असेल तर सेन्सरची संवेदनशीलता वाढवावी लागते, आणि ती वाढली की चित्रात रवा दिसू लागतो. नव्या कॅमेऱ्यांत आणि नंतरच्या संस्करणात हा रवा पुष्कळ कमी करता येतो हे खरे. पण वाघाच्या अंगावरचे केस त्या रव्याबरोबरच पुसले जातात हेही तितकेच खरे. उलट ताडोबाला किंवा रणथंभोरला मार्चनंतर सकाळी आठच्या सुमारास उजेडाची तक्रार उरत नाही, आणि पाणथळीवर तर ती क्वचितच असते. तेव्हा एफ/६.३ पुरे की नाही, याचे उत्तर लेन्सच्या दर्जात नसून ती कोणत्या रानात आणि किती वाजता वापरायची यात आहे. कॅननने २०२३ साली २०० ते ८०० मि.मी.ची एक लेन्स काढली, ८०० मि.मी.वर तिचे छिद्र एफ/९पर्यंतच उघडते. चिलिकाच्या उघड्या पाण्यावर ती मोठे वरदान ठरेल. सालवनातल्या पहाटेला ती ओझेच होईल.

पल्ल्याच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे लहान आकड्याकडे, सहसा कोणी पाहत नाही. पक्षी दूर असतो, पण वाघ आणि हत्ती नेहमीच दूर नसतात. व्याघ्रप्रकल्पात मोटारीतून उतरायला बंदी असते आणि जनावरे मोटारींना सरावलेली असतात. वाघ दहा-बारा मीटरांवरून सावकाश निघून जातो, हा अनुभव दुर्मिळ नाही. अशा वेळी २०० मि.मी.पासून सुरू होणाऱ्या लेन्सच्या चौकटीत पूर्ण वाघ मावत नाही. कर्नाटकातील कबिनीच्या काठी उन्हाळ्यात हत्तींचे कळप उतरतात. तेथे कळप, पाणी आणि पलीकडचे रान एकत्र यावे असे वाटत असेल, तर १०० मि.मी. अधिक उपयोगी. म्हणून मुख्यतः मोटारीतून व्याघ्रवने पाहणाऱ्याने १०० ते ४०० किंवा १०० ते ५०० घ्यावी, आणि पक्ष्यांमागे जाणाऱ्याने १५० किंवा २०० ते ६००, हा ठोकताळा बहुतेकांना लागू पडेल. दोन्हींचा छंद असलेल्याने वर्षातून किती दिवस कोठे जातो हे प्रामाणिकपणे मोजावे. वाघाच्या स्वप्नासाठी लेन्स घेऊन आयुष्यभर गावच्या तळ्यावरचे बगळे टिपणारे लोक पुष्कळ आहेत.

यानंतर विचार हाताचा. सोनीची २०० ते ६०० आणि निकॉनची १८० ते ६०० या लेन्स, ट्रायपॉडचा पाय न धरता, दोन किलोच्या आसपास भरतात. कॅननची १०० ते ५०० सुमारे १.३७ किलो. कागदावर हा फरक अर्ध्यापाऊण किलोचा आहे. परंतु आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीमागे लेन्स उचलून धरलेल्या हाताला तो तिसऱ्याच मिनिटाला कळतो, आणि हिमालयात तीन हजार मीटरांवर चढण चढणाऱ्या खांद्याला तर लगेचच. ट्रायपॉड लावू म्हटले, तर आपल्याकडे ज्या स्थितीत वन्यप्राणी पाहायला मिळतात तीत तो फारसा उपयोगी नाही. जिप्सीत सहा माणसे दाटीने बसलेली असतात, तेथे तो उघडायलाच जागा नसते; कावेरीवरच्या रंगनतिट्टूला नावेतून पक्षी पाहावे लागतात आणि नावेबरोबर ट्रायपॉडही डोलतो. मोटारीच्या कठड्यावर ठेवायला वाटाण्याची किंवा तांदळाची पिशवी, जिला बीन बॅग म्हणतात, ती शंभर-दोनशे रुपयांत घरी शिवता येते आणि हजारोंच्या ट्रायपॉडपेक्षा अधिक कामी येते. प्रवासात ती रिकामी न्यावी आणि मुक्कामी पोचल्यावर बाजारातून भरून घ्यावी.

कंपन शोषणाऱ्या यंत्रणेविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. ६०० मि.मी.ची लेन्स हातात धरली, तर शटर सेकंदाच्या सहाशेव्या भागाहून मंद नसावे असा जुना दंडक आहे; ही यंत्रणा चार स्टॉपांची सवलत देत असेल, तर स्थिर वस्तूचे चित्र सेकंदाच्या चाळिसाव्या भागातही साधते. पण ही सवलत हाताच्या हालचालीपुरती. उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखाला तिचा स्पर्शही होत नाही. त्याला सेकंदाचा दोनहजारावा भाग लागतो तो लागतोच, आणि तो मिळवायला पुन्हा उजेडच हवा.

लेन्सच्या पल्ल्यात भर घालणारी दोन साधने विक्रेते मोठ्या उत्साहाने पुढे करतात. पहिले टेलिकन्व्हर्टर. १.४ पट वाढवणारा कन्व्हर्टर एक स्टॉप प्रकाश खातो, दुप्पट करणारा दोन स्टॉप; म्हणजे एफ/६.३च्या लेन्सला दुप्पटीचा कन्व्हर्टर लावला की ती जवळजवळ एफ/१३ होते. ती उन्हात चालेल, एरवी नाही. काही लेन्समध्ये तो बसण्यालाही मर्यादा असतात. कॅननच्या १०० ते ५००ला तो जोडला, की ३०० मि.मी.च्या खाली झूम नेता येत नाही. दुसरे साधन लहान सेन्सरचा कॅमेरा. त्यावर ४०० मि.मी.ची लेन्स ६००सारखी दिसते असे सांगतात. दिसते खरी, पण लेन्समधून पडणारी प्रतिमा तीच राहते; सेन्सर फक्त तिचा मधला भाग उचलतो. घरी संगणकावर चित्र कापण्याचेच हे काम आहे. तरीही त्याला तुच्छ लेखू नये. लहान सेन्सरवर बिंदू दाट असतील, तर लहान पक्ष्याचे बारकावे अधिक मिळतात, आणि कॅमेरा व लेन्स दोन्ही स्वस्तात पडतात. ४५ मेगापिक्सेलच्या चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली तरी ११ मेगापिक्सेल उरतात, आणि भिंतीवर लावण्याजोग्या छापील चित्राला ते पुरतात.

पण मोठी लेन्स, कन्व्हर्टर आणि बिंदूंची गर्दी या सर्वांवर मात करणारी एक वस्तू छायाचित्रकार आणि प्राणी यांच्यामध्ये उभी असते, ती म्हणजे हवा. कच्छच्या छोट्या रणात जानेवारीच्या सकाळी रानगाढवे स्वच्छ दिसतात. अकरानंतर जमीन तापली की खालून वर जाणाऱ्या हवेच्या लहरींत त्यांचे पाय वितळल्यासारखे होतात. लेन्स जितकी लांब तितकी ती या लहरीही मोठ्या करून दाखवते. अनेकजण अशी चित्रे घेऊन दुकानात लेन्सबद्दल तक्रार करतात. तापलेल्या जमिनीवरून २०० मीटरांवरचे चित्र ६०० मि.मी.लाही स्पष्ट येत नाही आणि दहा लाखांच्या लेन्सलाही येत नाही. तेथे सकाळी लवकर उठणे एवढाच इलाज आहे.

दुसरा इलाज जवळ जाण्याचा, आणि तेथेच सावधगिरी हवी. जैसलमेरच्या वाळवंटात माळढोक आज शे-दीडशेच्या घरातच उरले आहेत. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. माणूस जवळ आला म्हणून ती उठून गेली, तर ते अंडे ऊन, कावळे आणि कुत्रे यांच्या हवाली होते. पूर्वीच्या छायाचित्रकारांनी आडोशात बसून घरट्यांची चित्रे घेतली, तेव्हा त्यांच्या हाती लांब लेन्स नव्हत्या. आज त्या असताना घरट्याच्या फांद्या बाजूला सारून आणखी जवळ सरकणाऱ्याला तोही आधार नाही. देशातील काही निसर्गछायाचित्र-स्पर्धा घरट्यावरची चित्रे आता स्वीकारत नाहीत. किती जवळ जावे याचे माप मीटरांत सांगता येत नाही, पण पक्षी ते स्वतः सांगतो. चरणे थांबवून त्याने मान वर केली, की तेथे थांबावे. तो अंग आवळून उभा राहिला, की एक पाऊल मागे घ्यावे. भरतपूरची वसाहत रस्त्यावरूनच दिसते म्हणून तेथे घरट्याचे चित्र घेण्यात वावगे नाही; पाणीच माणसाला अडवते.

प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी लेन्स हातात घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. मोठ्या शहरांत अशा लेन्स दिवसाच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. एखाद्या सहलीला भाड्याची लेन्स नेऊन पाहिली, तर हजारांच्या खर्चात लाखांची चूक टळते. तपासायचे ते सर्वात लांब पल्ल्यावर आणि छिद्र पूर्ण उघडून, कारण लेन्स वापरली जाणार ती बहुतेक तशीच. मधल्या पल्ल्यावर सगळ्याच चांगल्या दिसतात. एखाद्या पाटीवरची बारीक अक्षरे चारी कोपऱ्यांत घेऊन पाहावीत. एकच बाजू अंधूक येत असेल, तर भिंगे सरळ रेषेत बसलेली नाहीत असे समजावे. जुनी लेन्स घेताना मागून विजेरी धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय, आणि ती साफ करण्याचा खर्च पुष्कळदा परवडत नाही. कॅमेरा आणि लेन्स यांत पैसे वाटायचे असतील, तर लेन्सकडे झुकते माप द्यावे. कॅमेरे लवकर जुने होतात, चांगली लेन्स पंधरा-वीस वर्षे टिकते.

झूम करताना लांब होणारी नळी आणि आतल्या आत झूम होणारी नळी यांत ज्याला त्याला आपल्या प्रवासाप्रमाणे निवड करावी लागेल. पहिली पिशवीत आखूड बसते, पण दर वेळी बाहेर येताना हवा आत ओढते आणि रणथंभोरच्या वाटेवर त्या हवेत बारीक धूळ असते. दुसरी धुळीला आणि पावसाला अधिक दाद देत नाही, पण तिची पिशवी नेहमीच मोठी, आणि देशातल्या विमानात सोबतच्या सामानाला बहुधा सातच किलोची मुभा असते. कोकण, केरळ किंवा आसामात राहणाऱ्याने लेन्सबरोबर आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवणारी कोरडी पेटीही घ्यावी. ते न जमल्यास घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे लहानसे यंत्र एवढ्यावरही भागते. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा ठेवाव्यात. आणि लेन्स महिनोन् महिने त्या डब्यात पडू देऊ नये. पावसाळ्यातही ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढून वापरावी.